नव्वद तासांचा रस्ता

पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस ही मोकळ्या रस्त्यावर आजही नेमाने भरणारी जगातील सर्वांत जुनी सायकलफेरी आहे. पॅरिसजवळून निघायचे, फ्रान्सच्या पश्चिम टोकाला अटलांटिकच्या काठी असलेले ब्रेस्त बंदर गाठायचे आणि परत फिरायचे. जाऊन-येऊन सुमारे १२०० किलोमीटर. पुण्याहून बंगळूर गाठावे आणि परतीच्या वाटेवर हुबळीपर्यंत यावे, जवळपास तेवढा हा पल्ला. त्यासाठी मिळणारा जास्तीत जास्त वेळ ९० तास. खाणे, झोपणे, पंक्चर काढणे, वाट चुकणे, जेवणाच्या रांगेत उभे राहणे, सारे या ९० तासांतच बसवायचे, कारण घड्याळ एकदा सुरू झाले की ते कोणासाठी थांबत नाही. दर चार वर्षांनी ऑगस्ट महिन्यात ही फेरी भरते आणि अलीकडे सहा हजारांहून अधिक स्त्री-पुरुष तीत उतरतात. रोख बक्षीस काहीच नाही. पन्नास-पंचावन्न तासांत परतलेला आणि मुदतीला पाच मिनिटे उरली असताना लडखडत पोचलेला, दोघांच्या हाती पडणारे पदक एकच.

सुरुवात मात्र शर्यत म्हणूनच झाली. १८९१ साली सायकल आजच्या ओळखीच्या रूपात येऊन जेमतेम पाच-सहा वर्षे झाली होती. दोन सारख्या उंचीची चाके, मागच्या चाकाला साखळी आणि त्याहून नवी गोष्ट म्हणजे हवा भरलेले टायर. सायकल हे हौशी तरुणांचे खेळणे नसून कामाचे वाहन आहे, हे लोकांना पटवून द्यायचे ‘ल पती जुर्नाल’ या पॅरिसच्या दैनिकाचे संपादक पिएर जिफार यांनी मनावर घेतले. त्यांनी फ्रान्सचा नकाशा समोर ठेवून त्यातली सर्वांत अवघड वाटेल अशी रेघ निवडली. नियम कडक होते. एकाच सायकलीवर फेरी पुरी करायची, म्हणून तिला मोहोर लावली जाई. अन्न आणि कपडे स्वतःचे स्वतः न्यायचे. भाग घेण्याची मुभा फक्त फ्रेंच नागरिकांना होती. ६ सप्टेंबर १८९१ रोजी दोनशेहून थोडे अधिक स्वार निघाले.

त्या फेरीचा निकाल ज्या पद्धतीने लागला, ती पुढे या खेळाचा कायमचा धडा ठरली. शार्ल तेरों हा मिशलँ कंपनीच्या नव्या, काढता-घालता येणाऱ्या टायरवर चालत होता, तर त्याचा प्रतिस्पर्धी जिएल-लाव्हाल डनलॉपच्या टायरवर. दोघांचीही चाके पंक्चर झाली आणि दुरुस्तीत तासाच्या आसपास वेळ गेला. तरीही भरीव रबराच्या टायरवर हाडे खिळखिळी करून घेणाऱ्या बाकीच्यांपेक्षा हे दोघे कितीतरी पुढे होते. तिसऱ्या रात्री जिएल-लाव्हाल झोपला. तेरों झोपला नाही. झोपलेल्या प्रतिस्पर्ध्याला मागे टाकून तो अंधारातून तसाच पुढे निघून गेला आणि ७१ तास २२ मिनिटांनी पॅरिसला पोचला. निघालेल्यांपैकी सुमारे शंभर जणांनीच फेरी पुरी केली. जोर पायात किती आहे याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, झोपेचा हिशेब कोणाला जमतो यावर १२०० किलोमीटरचा निकाल लागतो, हे पहिल्याच वेळी दिसून आले.

एवढा व्याप दरवर्षी झेपणारा नव्हता. म्हणून ही शर्यत दहा वर्षांतून एकदा घ्यायची ठरली. १९०१ साली मोरीस गारँ याने ती ५२ तास ११ मिनिटांत जिंकली. गारँ पूर्वी धुरांडी साफ करण्याचे काम करी. दोन वर्षांनी पहिली ‘टूर द फ्रान्स’ही त्यानेच जिंकली. १९०१ मध्ये धंदेवाईक शर्यतपटूंबरोबर हौशी प्रवासी-स्वारांचा एक वेगळा वर्ग होता. त्यात पासष्ट वर्षांचे रोझिएर नावाचे गृहस्थ होते आणि ते दोनशे तासांहून थोडा अधिक वेळ घेऊन परत आले. गारँचे नाव इतिहासात राहिले ते योग्यच. पण पुढच्या शंभर वर्षांत या फेरीला जे रूप आले, त्याचे खरे पूर्वज हे रोझिएर म्हणावे लागतील.

१९१० साली पॅरिसच्या वायव्येस मेझों-लाफित इथल्या लुई द्युरां या मिठाईवाल्याने या शर्यतीच्या सन्मानार्थ चाकाच्या आकाराचा केक केला. मधे भोक, आत भाजलेल्या सुक्या मेव्याचे क्रीम, वर बदामाचे काप. ‘पॅरिस–ब्रेस्त’ या नावाने तो फ्रान्सभर आजही विकला जातो आणि शर्यतीचे नावही न ऐकलेले लोक तो आवडीने खातात.

१९११ ला एमिल जोर्जे, १९२१ ला लुई मोतिया आणि १९३१ ला ऑस्ट्रेलियाचा ह्यूबर्ट ऑपरमन विजयी झाले. ऑपरमनने पाऊस आणि समोरचा वारा अंगावर घेत ४९ तास २३ मिनिटांत, शेवटी पाच जणांच्या घोळक्यातून मुसंडी मारून शर्यत जिंकली. महायुद्धामुळे १९४१ ची खेप चुकली. ती १९४८ साली झाली. १९५१ ची धंदेवाईक शर्यत शेवटची ठरली. तीत मोरीस दियो आणि एदुआर म्युलेर हे दोघे सर्वांच्या पुढे होते. पॅरिस अगदी तोंडावर आले असताना म्युलेरचे चाक पंक्चर झाले. दियोला त्याला सोडून सरळ निघून जाता आले असते. पण तो थांबला, म्युलेरची दुरुस्ती होऊ दिली आणि मग शेवटच्या टप्प्यात त्याला हरवले. वेळ ३८ तास ५५ मिनिटे. अकराशे किलोमीटरहून अधिक अंतर एकमेकांच्या साथीने तोडल्यावर सोबत्याच्या पंक्चरवर जिंकणे दियोला मंजूर नव्हते, आणि शर्यतीच्या इतिहासाची अखेर याहून देखणी झाली नसती.

यानंतर उरला तो हौशी स्वारांचा प्रवाह. त्याचा उगम इटलीत आहे. १२ जून १८९७ रोजी बारा इटालियन स्वार रोमहून नेपल्सला निघाले. अंतर २३० किलोमीटर, अट एकच, सूर्य मावळायच्या आत पोचायचे. या धाडसाला ‘ऑडॅक्स’ हे लॅटिन नाव मिळाले. त्याचा अर्थच धाडसी. १९०४ साली आंरी देग्रांज यांनी ही कल्पना फ्रान्समध्ये आणली. टूर द फ्रान्स सुरू करणारे संपादक ते हेच. ऑडॅक्समध्ये सारा जथा एका कप्तानाच्या मागे, ठरलेल्या वेगाने चालतो. पुढे देग्रांज आणि ‘ऑडॅक्स क्लब पॅरिझियँ’ यांच्यात बिनसले आणि क्लबने आपली वेगळी चूल मांडली. ११ सप्टेंबर १९२१ रोजी क्लबने २०० किलोमीटरची पहिली मुक्त वेगाची फेरी भरवली. कप्तान नाही, जथा नाही. ज्याने त्याने आपल्या चालीने यावे, फक्त ठरल्या वेळेत यावे. या फेरीला ‘ब्रेव्हे’ म्हणतात, ती करणाऱ्याला ‘रँदोनिअर’. १९३१ सालापासून पॅरिस–ब्रेस्तमध्ये रँदोनिअर उतरू लागले आणि त्याच वर्षी स्त्रियांनीही पहिल्यांदा ही फेरी पुरी केली. १९७६ मध्ये रोबेर लपेर्तेल यांच्या पुढाकाराने ब्रेव्हेची दारे फ्रान्सबाहेरच्या देशांना उघडली गेली आणि १९८३ साली या देशांची जागतिक संघटना उभी राहिली. आज भारतात, जपानात, ब्राझीलमध्ये कुठेही ब्रेव्हे झाली तरी तिचा निकाल पक्का होतो तो पॅरिसच्या या क्लबकडूनच.

ब्रेव्हेचे नियम एका पानात मावतात. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४० आणि १००० ला ७५. पल्ल्यात जागोजागी तपासणीची ठाणी असतात, त्यांना ‘कंट्रोल’ म्हणतात. प्रत्येक कंट्रोल ठरल्या वेळी उघडतो आणि ठरल्या वेळी मिटतो. बंद होण्याची वेळ बहुतेक ठिकाणी ताशी १५ किलोमीटरच्या हिशेबाने काढलेली असते. शंभराव्या किलोमीटरचा कंट्रोल निघाल्यापासून ६ तास ४० मिनिटांनी मिटतो. ताशी पंधरा हा वेग ऐकायला अगदीच सामान्य वाटतो आणि सपाट रस्त्यावर पहाटेच्या गारव्यात तो असतोही. पण या पंधरात चहा आहे, पंक्चर आहे, घाट आहे आणि ६०० च्या ब्रेव्हेत एक अख्खी रात्रही आहे. मदतीची गाडी मागे ठेवता येत नाही. कोणी मदत करायचीच तर ती कंट्रोलवर. रात्री पुढचा-मागचा दिवा आणि अंगावर उजेडात चमकणारे जाकीट हवेच. एका हंगामात, म्हणजे नोव्हेंबर ते ऑक्टोबर या काळात, २००, ३००, ४०० आणि ६०० या चारही फेऱ्या पुऱ्या करणारा ‘सुपर रँदोनिअर’ ठरतो. पॅरिस–ब्रेस्तला जायचे तर त्या वर्षी ही मालिका पुरी झालेली असावी लागते.

सगळ्याचा आधार एक घडीचे जाड कार्ड. त्यावर स्वाराचे नाव, कंट्रोलची नावे, अंतर, उघडण्या-मिटण्याच्या वेळा आणि शिक्क्यासाठी रिकामे चौकोन. एक चौकोन रिकामा राहिला की फेरी बाद, मग पाय कितीही धडधाकट असोत. म्हणून हे कार्ड पैशांपेक्षा जपले जाते. प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी पोटाशी किंवा हँडलच्या बॅगेत, आणि दर शंभर किलोमीटरला हात नकळत तिकडे जाऊन चाचपून येतो. पॅरिस–ब्रेस्तमध्ये आता घोट्याला इलेक्ट्रॉनिक चिपही बांधतात, तरी कार्ड आणि त्यावरचा शिक्का कायम आहे.

पॅरिस–ब्रेस्तचा अलीकडचा प्रारंभ पॅरिसच्या नैर्ऋत्येस रांबुये या गावातून होतो. स्वारांचे तीन वर्ग असतात. ८० तासांचे आणि ९० तासांचे रविवारी दुपार-संध्याकाळी गटागटाने सुटतात, ८४ तासांचे सोमवारी पहाटे. बहुतेक जण ९० तास घेतात आणि त्यांची पहिली रात्र लगेचच सुरू होते. अंधार पडल्यावर शेतांमधून जाणाऱ्या रस्त्यावर मागच्या लाल दिव्यांची एक माळ दिसते. ती पुढच्या टेकडीवर चढते, पलीकडे नाहीशी होते आणि त्याही पलीकडच्या टेकडीवर पुन्हा उगवते. ज्यांनी ती पाहिली आहे ते बाकी काही विसरले तरी ही माळ विसरत नाहीत. मोर्तान्य-ओ-पर्शला पहिले जेवण, मग व्हिलेन-ला-ज्युएल, फुजेर, तँतेनियाक, लुदेआक, कारे आणि अखेर ब्रेस्त.

या वाटेवर मोठा डोंगर एकही नाही. सर्वांत उंच जागा ब्रिटनीतल्या रॉक ट्रेव्हेझेल या माळावर, तीही चारशे मीटरच्या आतच. त्यामुळे नकाशा पाहून माणूस फसतो. रस्ता सतत खाली-वर होत राहतो. दीड किलोमीटर चढ, एक किलोमीटर उतार, पुन्हा चढ, आणि हे १२०० किलोमीटर. सगळ्या चढांची बेरीज ११ ते १२ हजार मीटर भरते, म्हणजे एव्हरेस्टच्या उंचीहून कितीतरी जास्त. रॉक ट्रेव्हेझेलवर झाड जवळजवळ नाही. समुद्रावरून येणारा वारा आणि धुके तिथे अडत नाही. हा माळ ओलांडला की रस्ता घरंगळत समुद्राकडे जातो आणि एलॉर्न नदीच्या मुखावरच्या जुन्या पुलावरून ब्रेस्तचे बंदर एकदम समोर उभे राहते. शेजारी मोटारींसाठी बांधलेला उंच, तारांनी तोललेला नवा पूल. जुन्या पुलावर सायकल कठड्याला टेकवून फोटो काढायला थांबत नाही असा स्वार विरळा. मुदत डोक्यावर असलेलेही दोन मिनिटे थांबतात. अर्धी वाट झालेली असते, आणि अर्धी उरलेली.

या फेरीत सर्वांत मोलाची गोष्ट रस्त्याच्या कडेला भेटते. रात्री दोन वाजता एखाद्या खेड्यात घरासमोर टेबल मांडलेले असते. त्यावर कॉफीचा थर्मास, पाण्याचे जग, घरी केलेली केकची लादी. मागे खुर्चीवर शाल पांघरून एखादी आजी बसलेली. पैसे विचारले तर ती हात हलवते. घरी पोचल्यावर आपल्या देशातून पत्र पाठवा, एवढीच तिची मागणी. काही घरांत अशी पत्रे वर्षानुवर्षे जपून भिंतीवर लावलेली असतात. व्हिलेन-ला-ज्युएलमध्ये तर सारे गाव जत्रेसारखे रस्त्यावर उतरते. लाउडस्पीकरवर घोषणा चालू असतात आणि गावातली लहान मुले थकलेल्या स्वारांची जेवणाची ताटे टेबलापर्यंत पोचवतात. हजार किलोमीटर झालेल्या माणसाच्या हाताची बोटे बधिर असतात, सूप सांडते. समोरून आठ-नऊ वर्षांचे पोर दोन्ही हातांनी ताट घट्ट धरून, जीभ दातात पकडून हळूहळू चालत येते. संयोजनाचे असे शास्त्र कोणत्याही पुस्तकात सापडायचे नाही.

आता हिशेब. कंट्रोल आणि थांबे मिळून चौदा धरले आणि प्रत्येक ठिकाणी सायकल लावणे, शिक्का घेणे, रांग, जेवण, बाटल्या भरणे यांत पाऊण तास गेला, तर साडेदहा तास संपले. चालत्या सायकलीचा सरासरी वेग ताशी २० राहिला तर १२०० किलोमीटरला ६० तास. उरले साडेएकोणीस. तीन रात्रींत ऐसपैस झोप मिळेल. हाच वेग १८ वर आला की उरतात पावणेतेरा तास. समोरचा वारा आणि चढ यांनी तो १६ वर आणला की तीन रात्री मिळून साडेचार तास झोप. वेगात चार किलोमीटरचा फरक आणि त्याची किंमत पंधरा तास झोप. म्हणून जाणते स्वार पायांचा जोर वाढवण्यापेक्षा कंट्रोलवरची पाऊण तासाची पंचवीस मिनिटे कशी होतील ते पाहतात. सायकलवरून उतरण्याआधीच त्यांनी मनात ठरवलेले असते: आधी शिक्का, मग पाणी, मग जेवण, आणि जेवण होईपर्यंत फोन चार्जिंगला.

झोप मागे पडत गेली की शरीर ती परस्पर वसूल करते. कंट्रोलच्या उपाहारगृहात ताटावर डोके टेकून झोपलेली माणसे दिसतात. रस्त्याकडेच्या बसथांब्यात, बँकेच्या एटीएमच्या खोलीत, गवतावर चंदेरी आपत्कालीन पांघरूण गुंडाळून पडलेली माणसे दिसतात. पहाटे तीन ते सूर्योदय हा काळ सर्वांत वाईट. झाडांच्या जागी माणसे उभी दिसतात, रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्या हलू लागतात. चालत्या सायकलीवर डोळा लागणे हा या खेळातला खरा धोका आहे. अशा वेळी दहा मिनिटे रस्त्याच्या बाजूला आडवे होणे हा कमकुवतपणा नाही. तो जीव वाचवणारा निर्णय आहे. उजाडल्यावर मात्र काही न करता अर्धी झोप उडून जाते.

बाकी तक्रारी ठरलेल्या. हँडलवर भार पडून करंगळी आणि अनामिका बधिर होतात, कधी महिनाभर तशाच राहतात. सीटवर घासून कातडे निघते. गुडघे दुखतात, आणि बहुतेक वेळा त्यामागे सीटची उंची चुकलेली असते. पोट बिघडले की सगळेच संपले, कारण खाल्ले नाही तर सायकल चालत नाही. सायकलीची निवडही या दुखण्यांवरूनच ठरते. शर्यतीची हलकी, कडक सायकल दोनशेला छान, बाराशेला ती सूड उगवते. थोडे रुंद टायर, मडगार्ड, थोडे वरचे हँडल, चढासाठी हलके गिअर आणि पुढच्या चाकाच्या हबमध्ये डायनॅमो, म्हणजे बॅटरी संपण्याची चिंता नाही. फ्रान्समध्ये अशा सायकलींची एक वेगळी कारागिरीच बहरली. पॅरिसच्या रने एर्स आणि आलेक्स सँजे या कारागिरांच्या हातच्या सायकली आज संग्राहक शोधत फिरतात.

महाराष्ट्राच्या मातीला लांबच्या सायकलप्रवासाची ओळख ब्रेव्हेच्या आधीपासून आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईच्या एका व्यायाममंडळातले सहा पारशी तरुण सायकलीवरून जगाच्या प्रवासाला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा हे तिघे मार्च १९२८ मध्ये सुमारे ७१ हजार किलोमीटर करून परतले. पण ती वाट पुढे बरीच ओस पडली. ब्रेव्हे भारतात आली ती एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, आणि मुंबई व पुणे ही तिची सुरुवातीची ठाणी. पाठोपाठ नाशिक, नागपूर आणि इतर शहरांतही ती रुजली. डॉक्टर, शिक्षक, पोलीस, संगणकवाले, दुकानदार, निवृत्त मंडळी, असा हा गोतावळा आहे. त्यांच्या बोलण्यात ब्रेव्हेला ‘बीआरएम’ म्हणतात, मालिका पुरी झाली की ‘एसआर झाला’ आणि मुदत हुकली की ‘डीएनएफ’.

इथल्या ब्रेव्हेची चव निराळी. खंबाटकी, पसरणी, कसारा, कशेडी हे घाट आणि दिवसाचे ऊन. हंगामही त्यावरून ठरतो. पावसाळा आणि थंडीत गर्दी, एप्रिल-मेमध्ये शुकशुकाट. कंट्रोलला फ्रान्ससारखी शाळा किंवा सभागृह मिळतेच असे नाही. रात्री दीड वाजता महामार्गावरच्या एखाद्या गावात एटीएम हाच कंट्रोल असतो. स्वार सायकल दाराशी लावतो, खुर्चीत पेंगणारा रखवालदार दचकून उठतो. हेल्मेट, चमकणारे जाकीट आणि चिखलाने माखलेले पाय पाहून तो काही क्षण बोलतच नाही. स्वार खात्यातली शिल्लक विचारतो, पैसे काढत नाही. त्याला हवी असते फक्त ती चिठ्ठी, कारण तीवर तारीख आणि वेळ छापलेली आहे. चिठ्ठीचा कागद घामाने ओला झाला तर अक्षरे उडतात, म्हणून ती लगेच प्लास्टिकच्या पिशवीत कार्डाशेजारी जाते. कुठून आलात, असे रखवालदार विचारतो. पुण्याहून, आणि सकाळपर्यंत परत पुण्याला. तो बाहेर येतो, सायकलीचे टायर दाबून पाहतो आणि म्हणतो, पुढे चहाची टपरी उघडी आहे, सांभाळून जा.

खिशात केळी, राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाण्याची चिक्की, खजूर. बाटलीत मीठ-साखर-लिंबाचे पाणी. सकाळी ढाब्यावर पोहे किंवा दही-भात. भय मात्र एकाच गोष्टीचे, रात्रीची वाहने. उलट दिशेने येणारी दुचाकी, दिवे नसलेला उसाचा ट्रॅक्टर, कडेला दिव्याशिवाय उभा असलेला ट्रक. फ्रान्समध्ये झोप हा शत्रू असेल, इथे तिच्या जोडीला हेही आहे. ब्रेव्हे घेणारे स्वयंसेवक म्हणूनच निघण्याआधी प्रत्येक दिवा तपासतात आणि जाकीट नसलेल्याला निघू देत नाहीत. हा आग्रह कितीही जाचक वाटला तरी तो कमी होता कामा नये.

लांब पल्ल्याची दुसरी शाखा शर्यतीची, आणि तिचा कळस म्हणजे अमेरिकेची ‘रेस अक्रॉस अमेरिका’, म्हणजेच ‘रॅम’. १९८२ साली चार जण कॅलिफोर्नियाच्या सँटा मोनिकाहून न्यूयॉर्कला निघाले. लॉन हॅल्डमन याने ती पहिली शर्यत दहा दिवसांच्या आत जिंकली. पुढे तिचा मार्ग बदलला, अंतर सुमारे ४८०० किलोमीटरवर स्थिरावले आणि एकट्या स्वाराला बारा दिवसांची मुदत ठरली. इथे मदतीच्या गाड्या मागेपुढे असतात, जेवण हातात मिळते, पण झोप दिवसाला दोन तासांच्या आसपासच. मानेचे स्नायू थकून डोके उचलताच येत नाही, अशी अवस्था इथे अनेकांची होते. तिला मायकेल शर्मर या जुन्या स्पर्धकाचेच नाव पडले आहे. २०१५ साली नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या संघात ही शर्यत पुरी केली. २०१७ मध्ये सैन्यातले डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ एकट्याने ती पुरी करणारे पहिले भारतीय ठरले, आणि त्यांच्या मागोमाग काही तासांतच नागपूरचे डॉ. अमित समर्थ पोचले. महाराष्ट्रात रॅमची पात्रता-शर्यतही होते. पुण्याहून घाट उतरून गोव्याच्या समुद्रापर्यंत सुमारे ६४० किलोमीटरची ‘डेक्कन क्लिफहँगर’ ही त्यासाठी ओळखली जाते.

रॅमची चमक मोठी. तरी सामान्य नोकरदार माणसाला लांब पल्ल्याची गोडी लावली ती ब्रेव्हेनेच. गाड्या नाहीत, मदतनीसांचा ताफा नाही, घरची सायकल आणि शनिवार-रविवार एवढे पुरते.

पॅरिस–ब्रेस्तला भारतीय स्वार २०११ पासून जाऊ लागले आणि २०१९ मध्ये त्यांची संख्या शेकड्यांत पोचली. त्या वर्षी त्यांतल्या मोठ्या भागाला मुदतीत परतता आले नाही. कारणे नीट पाहिली तर त्यात तयारीचा आळस नव्हता, सवयीचा फरक होता. इथला बहुतेक सराव चौपदरी महामार्गावर होतो. तिथे लांब सपाटी आणि मग एखादा मोठा घाट, म्हणजे घाटात गेलेला वेळ सपाटीवर भरून काढता येतो. ब्रिटनीत सपाटीच नसल्याने गेलेला वेळ परत मिळण्याची जागाच नाही. ऑगस्ट असला तरी तिथे रात्री तापमान दहा अंशांच्या खाली जाऊ शकते. चाळीस अंशांत सहज चालणारा स्वार तिथे कुडकुडत थांबतो आणि थांबला की आणखी गारठतो. शाकाहारी माणसाला कंट्रोलवर पास्ता, बटाटा आणि पाव यांवर तीन दिवस काढावे लागतात. त्यातच संध्याकाळच्या सुटण्यामुळे पहिल्या पॅडलपूर्वीच दिवसभराचे जागरण झालेले असते. २०२३ च्या फेरीसाठी तयारी करणाऱ्यांनी यातून बरेच घेतले. महामार्ग सोडून गावांमधल्या खालीवर रस्त्यांवर सराव, लोकरीचे थर, झोपेचा वेळापत्रकात आधीच मांडलेला कोटा आणि घरून दिलेल्या दशम्या व चिवड्याची पुडकी.

हवामान मात्र कोणाच्याच हातात नसते. २००७ सालच्या खेपेत पाऊस थांबलाच नाही आणि जगभरच्या अनुभवी स्वारांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक जण बाहेर पडले. रँदोनिअर मंडळी अशा माघारीला लाजत नाहीत. सातशे किलोमीटरवर थांबलेल्याचे कार्डही घरी जपून ठेवलेले असते, अर्धे शिक्के मारलेले, अर्धे चौकोन कोरे. चार वर्षांनी तोच माणूस पुन्हा चार ब्रेव्हे करून पुन्हा रांबुयेच्या रांगेत दिसतो. पुढची फेरी २०२७ मध्ये आहे.

फेरी पुरी करणाऱ्याचे कार्ड शेवटच्या टेबलावर काढून घेतले जाते. नव्वद तास पोटाशी धरलेली वस्तू अशी एकदम हातातून गेल्यावर अनेकांना चुकल्यासारखे होते. क्लबचे स्वयंसेवक हजारो कार्डे एकेक करून तपासतात, शिक्के आणि वेळा जुळवतात. काही महिन्यांनी, बहुधा स्वाराच्या हाताची बोटे पुन्हा ताळ्यावर आल्यानंतर, पोस्टमन एक पाकीट टाकून जातो. आत तेच कार्ड असते, कोपरे दुमडलेले, घामाचा डाग कायम, आणि शेवटच्या चौकोनात मंजुरीची खूण.